मेंदी उतरते, गोंदण राहतं

माझ्या आजीच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. सात-आठ वर्षांची असताना जत्रेत गोंदवून घेतलेलं. "दुखलं नाही का गं?" असं विचारलं की ती म्हणायची, "दुखलं की. रडायला लागले तशी आईनं तोंडात गुळाचा खडा कोंबला." ऐंशी पार केल्यावरही ते वृंदावन जागच्या जागी होतं. कडा थोड्या फाकल्या होत्या, काळ्याचा हिरवट रंग झाला होता, एवढंच. त्याच घरात माझ्या बहिणीने लग्नात कोपरापर्यंत मेंदी काढून घेतली, रात्रभर हात अवघडून बसली, आणि लग्नाची सुट्टी संपायच्या आत नखांवरच्या लालीशिवाय काही शिल्लक राहिलं नाही.

कातडी दोघींची सारखीच. मग एक रंग पंधरा दिवसांत जातो आणि दुसरा सत्तर वर्षं टिकतो, ते का? दोन्ही रंग वेगवेगळ्या थरात बसलेले असतात म्हणून. त्वचेबद्दल काहीही वाचलं, ऐकलं, जाहिरातीत पाहिलं की मी आता आधी हाच प्रश्न विचारतो: हे नेमकं कोणत्या थरात चाललंय?

ढोबळ थर तीन. सगळ्यात वर बाह्यत्वचा. ही पापणीवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ, तर तळपायाला जवळपास दीड मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही. म्हणूनच नुसतं ओरखडलं तर पांढरी रेघ उठते, रक्त येत नाही. तिच्याखाली अंतस्त्वचा: कोलॅजेनच्या चिवट धाग्यांचं विणकाम, त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी. कोल्हापुरी चपलेचं चामडं म्हणजे जनावराची ही अंतस्त्वचाच. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवलं की केस आणि वरचा थर सुटून येतो, आणि मग बाभळीची साल नि हिरडा घालून उरलेला चिवट थर कमावतात. त्याहून खाली चरबीची गादी. मोठ्या माणसाची सगळी त्वचा अंथरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे एकाला झोपायला पुरेल एवढी चटई.

बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींची एक ओळ असते आणि ती सतत नव्या पेशी तयार करत असते. नवी जन्मली की आधीची वर ढकलली जाते. वर सरकता सरकता ती केराटिन नावाच्या प्रथिनाने भरते, चपटी होते, तिच्यातलं केंद्रक नाहीसं होतं, आणि पृष्ठभागाशी पोचते तेव्हा ती मेलेली असते. अंगावर बहुतेक ठिकाणी अशा मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर असतात. तळापासून गळून पडण्यापर्यंतचा हा प्रवास चार ते सहा आठवड्यांचा, म्हातारपणी आणखी लांबणारा. साप एकदम टाकतो ती कात आपण रोज चिमूट चिमूट टाकत असतो, आणि कपाटावर बसणाऱ्या धुळीत थोडे आपणही असतो.

मेंदी बसते ती या मेलेल्या पदरांत. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केराटिनला घट्ट चिकटतं. ते साबणाने निघत नाही, पण ज्या पेशीला चिकटलं ती पेशीच गळून पडते. तळहातावर हे पदर सगळ्यात जाड, म्हणून तिथे मेंदी गडद चढते आणि मनगटाच्या वर फिकी पडत जाते. मेंदी जेवढी रंगेल तेवढं नवऱ्याचं प्रेम, असं म्हणतात. खरं तर ते नवरीच्या तळहाताच्या जाडीवर ठरतं. नखही केराटिनचंच, पण त्याचे पदर गळत नाहीत, ते नुसतं वाढत पुढे सरकतं. म्हणून नखावरची मेंदी कापेपर्यंत राहते.

गोंदणाची सुई मात्र बाह्यत्वचा ओलांडून खाली अंतस्त्वचेत उतरते आणि काजळी तिथे सोडते. शरीराच्या दृष्टीने ती घाण. ती साफ करायला भक्षक पेशी धावत येतात, काजळीचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. कण पोटात घेऊन त्या तिथेच बसून राहतात. आपण गोंदण म्हणून बघतो ते खरं म्हणजे अशा पोट भरलेल्या पेशींची रांग. बरीच वर्षं समज असा होता की या पेशीच जन्मभर जगत असाव्यात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदवून पाहिलं, तेव्हा वेगळंच निघालं. जुनी पेशी मरते, तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि शेजारी आलेली नवी पेशी तो लगेच गिळते. पिढ्या बदलतात, रंग जागचा हलत नाही. आजीच्या हातावरही बहुधा हेच चाललं होतं. आणि काजळी काळी असूनही गोंदण हिरवट-निळसर का दिसतं? कारण आपण ते वरच्या थराच्या पडद्याआडून बघतो. त्यातून येताजाता प्रकाश विखुरतो.

बोटांवरच्या रेषांचंही असंच. त्या दिसतात वर, पण त्यांचा साचा बाह्यत्वचेच्या तळाशी असतो, आणि तो आईच्या पोटात तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ठरतो. म्हणून ठसा घासून गेला तरी खालून पुन्हा तोच वर येतो. ठशांचा सरकारी वापर आपल्याच देशात सुरू झाला: १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं, आणि तिथल्या वर्गीकरणाची खरी किचकट मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांची होती. नाव मात्र त्यांचा साहेब एडवर्ड हेन्री याचं झालं. आज रेशनच्या दुकानात ज्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही, ती बहुतेक ऊस तोडणारी, सिमेंट कालवणारी किंवा भांडी घासणारी असते. काही काळ हाताला आराम मिळाला तर रेषा परत वर येतात, पण तो आराम मिळणार कुठून?

घट्टे हा त्याच कारखान्याचा दुसरा माल. एकाच जागी रोज दाब आणि घासणी झाली की तळाची ओळ पेशी भराभर पाठवते आणि वरचे मेलेले पदर जाड होतात. कोयता, कुदळ, तबल्याची शाई, पेनचं टोक, प्रत्येकाचा घट्टा वेगळ्या जागी.

मेलेले पदर म्हणजे टाकाऊ असं मात्र समजू नका. आपल्याला कोरडं पडण्यापासून वाचवतात ते हेच. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ नये आणि बाहेरचे जंतू आत शिरू नयेत, ही दोन्ही कामं त्या गिलाव्याची. थंडीत हवा कोरडी होते, वरचे पदर आक्रसतात आणि टाचा फुटतात, ओठ उलतात. त्यात कडकडीत पाणी आणि भरपूर साबण म्हणजे उरलासुरला गिलावाही धुऊन काढणं. शिवाय त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि वडीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. ऐन थंडीच्या तोंडावर दिवाळीत अंगाला तेल चोळून आंघोळ करायची रीत ज्या कोणी काढली, त्याला गिलाव्याचं शास्त्र ठाऊक नसेल, पण टाचा ठाऊक होत्या.

धुणं धुताना बोटांच्या टोकांना पडणाऱ्या सुरकुत्या याच पदरांत पाणी मुरल्याने पडतात असं मी शाळेत शिकलो. ते बरोबर नव्हतं. १९३० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की ज्यांच्या हाताचा मज्जातंतू तुटलेला असतो, त्यांची तेवढी बोटं पाण्यात सुरकुतत नाहीत. म्हणजे ही मेंदूकडून येणारी आज्ञा आहे: रक्तवाहिन्या आवळतात, आतला भाग आक्रसतो आणि वरची कातडी चुणते. टायरच्या नक्षीसारखी ओल्यात पकड मिळावी म्हणून हे होत असावं, असं २०१३ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगातून सुचलं. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात तसा फायदा दिसला नाही. वाद चालू आहे.

आता खालच्या थरात, घामाकडे.

आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत. एक लिटर घाम सुकला की तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत अर्धी बादली, म्हणजे सात लिटर साधं पाणी उकळीला येईल. पण इथे महत्त्वाचा शब्द 'सुकला' हा आहे. घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही. कपाळावरून टपकलेला किंवा रुमालाने टिपलेला घाम थंडावा न देताच गेला. नागपूरच्या मे महिन्यात हवा त्वचेपेक्षा गरम असते, तिथे अंग थंड ठेवायचा एकच मार्ग म्हणजे घाम सुकणं, आणि हवा कोरडी असल्याने तो लगेच सुकतो; शर्टवर नुसते मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. नागपुरी कूलर वाळ्याच्या ताट्या ओल्या करून तेच करतो. तोच कूलर मुंबईत आणला तर खोलीत फक्त दमटपणा वाढतो, कारण समुद्राकाठच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घामालाही सुकायला जागा नसते. विदर्भातली माणसं मुंबईच्या ३४ अंशाला वैतागतात आणि मुंबईकर त्यांना हसतात, ते उगाच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी पारा काही चंद्रपूरसारखा ४५ वर नव्हता.

घामोळं म्हणजे या ग्रंथींच्या नळ्यांची तोंडं बुजणं. घाम येतो, बाहेर पडायला वाट नसते, तो कातडीतच झिरपतो आणि टोचायला लागतं. घामाला वास मुळात नसतोच. काखेतल्या वेगळ्या प्रकारच्या ग्रंथींचा दाटसर स्राव तिथले जीवाणू खातात आणि वास सोडतात. पूर्व आशियातल्या बहुतेकांच्या काखेला हा वास फार कमी असतो, आणि त्याचं कारण असलेला जनुकातला फरकच त्यांच्या कानातला मळही कोरडा ठेवतो. का कोण जाणे, मला ही माहिती फार आवडते.

याच थरात मज्जातंतूंची टोकं आहेत, आणि त्यांच्याशी आपली ओळख ठेचा करताना होते. खलबत्त्यात मिरच्या कुटल्या की तळहाताला काही होत नाही, पण बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा तासाभराने पेटतात. तळहाताचे जाड पदर मिरचीतलं कॅप्सेसिन लवकर आत जाऊ देत नाहीत. बेचक्यांची कातडी पातळ. आत गेल्यावर ते मज्जातंतूवरच्या एका दारावर बसतं. हे दार एरवी साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की उघडतं आणि मेंदूला 'भाजतंय' असं कळवतं. कॅप्सेसिन ते थंडपणीच उघडतं. त्यामुळे 'मिरची झोंबली' आणि 'चटका बसला' यांत मेंदूला फरक करता येत नाही. हे दार डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधलं, आणि दाबाची जाणीव देणारं दुसरं दार आर्डेम पातापूटियन यांनी. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. पक्ष्यांच्या अंगातलं हे दार कॅप्सेसिनला दादच देत नाही, म्हणून पिंजऱ्यातला पोपट तिखट मिरची पेरूसारखी खातो. हाताची आग झाली तर गरम पाणी लावू नका, त्याने दार आणखी उघडतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं: आधी तेल चोळा, मग साबण.

खाजेच्या वाटा यापासून काहीशा वेगळ्या. खाजकुहिलीच्या शेंगेवरची लव लागली की जी खाज सुटते, तिला शीतपित्तावर दिलेल्या गोळीने फारसा उतार पडत नाही. त्या लवेत असलेलं प्रथिन तोडणारं विकर मज्जातंतूंना थेट डिवचतं, आणि त्यामुळे ही आपल्या कुंपणावरची वेल जगभरच्या प्रयोगशाळांत खाजेच्या अभ्यासासाठी वापरली गेली.

पण जाणीव गेली तर काय होतं, हे पाहायचं तर कुष्ठरोगाकडे पाहावं. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्ये ओळखला. तो कातडीतल्या मज्जातंतूंमध्ये राहतो आणि ते मारतो. बोटं 'झडतात' ती जंतूने खाल्ली म्हणून नव्हे. चुलीवरचं पातेलं उचलताना चटका कळत नाही, विडी बोटाशी आली तरी कळत नाही, चपलेतला खिळा दिवसभर टोचतो आणि कळत नाही. जखमा चिघळतात, हाडापर्यंत जातात. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला काम सुरू केलं तेव्हा अशीच माणसं आनंदवनात आली. आता औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो, फक्त वेळेत गेलं पाहिजे. अंगावर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर थांबू नका. कोड ही अगदी वेगळी गोष्ट. त्यात चट्टा दुधासारखा पांढरा होतो, पण जाणीव शाबूत असते, आणि ते संसर्गाने पसरत नाही. आपल्याकडे या दोघांची गल्लत करून कित्येक मुलींची लग्नं मोडली आहेत.

कोडात मरतात त्या रंग बनवणाऱ्या पेशी. त्या बाह्यत्वचेच्या तळाच्या ओळीत बसलेल्या असतात, आणि काळ्या-गोऱ्या सगळ्या माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात आणि त्याच्या पुड्या केवढ्या बांधतात यात. एक पेशी तीस-चाळीस शेजारणींना या पुड्या पुरवते, आणि प्रत्येक शेजारीण त्या आपल्या केंद्रकावर छत्रीसारख्या धरते, उन्हाने आतला डीएनए बिघडू नये म्हणून. सावळ्या माणसाची छत्री मोठी, बस्स. विठोबा सावळा चालतो, सून मात्र गोरीच हवी असणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही, हा स्वानुभव आहे.

आणि म्हणूनच गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल पुन्हा तोच प्रश्न: कोणत्या थरात? वरच्या मेलेल्या पदरांत राहणारं क्रीम रंग बदलू शकत नाही. तळापर्यंत पोचून रंगाचा कारखाना बंद पाडणारं बदलू शकतं, पण ते फक्त तेवढंच करून थांबत नाही. पारा घातलेली क्रीम मेलॅनिन रोखते आणि पारा रक्तातून मूत्रपिंडापर्यंत जातो. स्टेरॉइडची क्रीम चेहरा आठवड्यात उजळवते, कारण ती तळाच्या ओळीची वाढच दाबते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, आणि क्रीम बंद केली की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. २०१८ पासून बऱ्याचशा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कागदावर. मेडिकलवाल्याकडून गजकर्णासाठी 'चांगली ट्यूब' आणणारे अजून तीच मिश्रणं लावतात. गजकर्णाची बुरशी केराटिन खाऊन जगते, म्हणजे तिचं रान वरच्या मेलेल्या पदरांत. स्टेरॉइडने खाज थांबते, जंतूंवर पहारा देणाऱ्या पेशी झोपतात, आणि बुरशी ऐसपैस पसरते. भारतात फोफावलेल्या, नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका जातीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असं नावच मिळालं. देशाचं नाव असं निघावं, हे काही भूषण नाही.

जखम अंतस्त्वचेपर्यंत गेली की वण राहतो. शरीर भोक बुजवायच्या घाईत कोलॅजेन भरतं, पण जुनं विणकाम परत करत नाही. वणावर केस येत नाहीत, घामही येत नाही. मोठी जागा भरायची तर दुसरीकडची त्वचा आणावी लागते, आणि ती जगवायची तर तिला रक्त मिळालं पाहिजे. हे ज्यांना कळलं होतं, त्यांत पुण्याजवळचा एक वीटकाम करणाऱ्या जातीतला माणूस होता. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

रुग्णाचं ठेवलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा गडी, इंग्रजी वृत्तांतात नाव 'कावसजी'. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच होता. मग या कारागिराने मेणाचं नाक करून पाहिलं, ते उलगडून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढी त्वचा सोडवली. फक्त दोन भुवयांच्या मधली पट्टी तशीच जोडलेली ठेवली. तीच सगळी मेख, कारण रक्त त्या पट्टीतून येत होतं. कातडं पिळून खाली वळवलं, नाकाच्या जागी बसवलं, वर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या. चार दिवस दुसरं काही नाही. साधारण पंचविसाव्या दिवशी, नव्या जागेतून रक्त मिळायला लागल्यावर, मधली पट्टी कापली. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह हकिकत छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तशी पहिली शस्त्रक्रिया केली.

कपाळाची त्वचा आजही नाक बांधायला वापरतात. ती पट्टी जोडलेली असते तोवर रक्ताबरोबर जुने मज्जातंतूही शाबूत असतात. त्यामुळे अशा नव्या नाकावर माशी बसली, तर माणूस हात नेतो तो कपाळाकडे.